हमी कशाची, किती दिवसांची?

१६ जुलै २०१८ रोजी गूगलने आपल्या नकाशांच्या सेवेचे नियम बदलले. तोवर छोट्या साईटवर दुकानाचा नकाशा दाखवायला पैसे पडत नव्हते आणि जुन्या साईट्सना तर त्यासाठी 'की'सुद्धा लागत नव्हती. नव्या नियमाने कोडमधून जोडलेल्या नकाशाला की घेणं आणि त्या कीला कार्डासह बिलिंग खातं जोडणं बंधनकारक झालं. ज्यांनी ते केलं नाही त्यांच्या साईटवरचा नकाशा काळवंडला आणि त्यावर जागोजागी 'फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली' अशी अक्षरं उमटली. दवाखाना असो, मंगल कार्यालय असो की क्लास, 'संपर्क' या पानावर हेच दिसू लागलं. मालकाने साहजिकच साईट करून देणाऱ्याला फोन लावला : "तुम्ही केलेला नकाशा बिघडलाय."

मालकाची तक्रार खोटी नव्हती. त्याने नकाशासकट साईटचे पैसे मोजले होते आणि आता नकाशा दिसत नव्हता. साईट करणाऱ्याचंही काही चुकलं नव्हतं, कारण त्याच्या कोडमधली एक ओळही बदललेली नव्हती. तरीही काम तर करावंच लागणार होतं. की काढायची, बिलिंग खातं कुणाच्या कार्डावर उघडायचं ते ठरवायचं, ती की कोडमध्ये घालायची आणि दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून त्या एका डोमेनपुरती बांधून टाकायची. या वेळेचे पैसे कुणी द्यायचे? कोटेशनच्या तळाशी 'एक वर्ष फ्री सपोर्ट' एवढंच लिहिलेलं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर सापडत नाही. मालक त्या ओळीचा अर्थ 'वर्षभर साईट चालती ठेवू' असा घेतो. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र 'माझी चूक निघाली तर दुरुस्त करीन' एवढंच असतं. पुढच्या भांडणाचं मूळ त्या एका ओळीत आहे.

एकट्याने वेबचं काम करणाऱ्या माणसाने 'फ्री सपोर्ट' हे शब्द आपल्या कागदपत्रांतून कायमचे काढून टाकावेत, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहाव्यात. पहिली हमी, म्हणजे ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे चाललं नाही तर ते विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी. दुसरी देखभाल, म्हणजे साईट पुढेही चालत राहावी म्हणून दर महिन्याला करावं लागणारं काम. हमीची किंमत मूळ रकमेत धरलेली असते. देखभालीची किंमत वेगळी, आणि तिची मुदतही वेगळी.

ही विभागणी नवी नाही. १९७६ मध्ये ई. बर्टन स्वॉन्सन या अमेरिकी अभ्यासकाने सॉफ्टवेअरच्या देखभालीचे तीन प्रकार मांडले. एक, चूक दुरुस्त करणं. दोन, भोवतालचं जग बदललं म्हणून सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळवून घेणं. तीन, वापरणाऱ्याला काही नवं किंवा अधिक चांगलं हवं म्हणून बदल करणं. नंतर त्याने आणि बेनेट लिएंट्झने ४८७ संस्थांची पाहणी करून १९८० मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसलं की देखभालीच्या एकूण श्रमांपैकी चुका दुरुस्त करण्यात साधारण पाचवा हिस्साच जातो. बाकीचं जवळजवळ सगळं जुळवणीत आणि नव्या मागण्यांत खर्च होतं. ती पाहणी मोठ्या संस्थांच्या संगणक विभागांची होती, पण साताऱ्यात बसून वर्डप्रेसवर साईट करणाऱ्या मुलालाही आपल्या वर्षाचा हिशेब त्यात ओळखू येईल. सगळा सपोर्ट फुकट देऊन बसणारा माणूस चुकांच्या त्या पाचव्या हिश्शासोबत उरलेले चार हिस्सेही फुकट देतो.

सरकारी रस्त्यांच्या कामात ही गोष्ट फार पूर्वी उमगलेली आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याच्या कडेला जी पाटी असते ती कधी थांबून वाचावी. रस्ता बांधण्याचा खर्च वेगळा लिहिलेला असतो आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा वेगळा. कंत्राटदार एकच, करार एकाच वेळी झालेला, पण रक्कम आणि मुदत दोन्ही स्वतंत्र. साईटच्या कोटेशनचा शेवटचा भाग त्या पाटीइतका स्पष्ट झाला तरी पुष्कळ झालं.

आता हमीकडे येऊ. हमी चुकांसाठी असते आणि चूक ठरवायला आधी बरोबर काय ते लिहिलेलं असावं लागतं. म्हणून हमीचं कलम हे खरं तर कामाच्या वर्णनातच तयार होतं. समजा सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याला ऑनलाइन विक्रीची साईट हवी आहे. कोटेशनमध्ये 'ई-कॉमर्स वेबसाईट, पेमेंट गेटवेसह' एवढंच लिहिलं, तर पुढे त्याने "आसामचं गिऱ्हाईक आहे, कुरिअरचा दर चुकीचा येतोय" असं सांगितल्यावर ती चूक आहे की नवी मागणी, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा : 'महाराष्ट्रासाठी एक आणि उर्वरित भारतासाठी एक असे कुरिअरचे दोन ठरावीक दर. वजनानुसार दर नाहीत. दर मालकाला स्वतः बदलता येतील.' आता आसामच्या गिऱ्हाइकाला महाराष्ट्राचा दर दिसला तर ती चूक आहे आणि ती हमीत बसते. वजनानुसार दर हवे असतील तर ती तिसऱ्या प्रकारची मागणी आहे. व्यापाऱ्यालाही हे पटतं, कारण वजन, भाव आणि भाड्याच्या अटी त्याच्या रोजच्या व्यवहारातल्याच असतात. कोणते ब्राउझर आणि मोबाईलवर कोणत्या आकाराचे पडदे तपासले, हेही त्याच वर्णनात यावं. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार काढून घेतला, तरी त्यानंतरही काही कार्यालयांतल्या जुन्या संगणकांवर तो चालूच होता. तिथून 'साईट वाकडी दिसते' अशी तक्रार आली तर कागदावर उत्तर असायला हवं.

मुदत किती ठेवायची, हा पुढचा प्रश्न. छोट्या साईटला ३० दिवस आणि विक्री, नोंदणी किंवा लॉगिन असलेल्या साईटला ९० दिवस, असा सर्वसाधारण रिवाज दिसतो. तो वाईट नाही, पण डोळे झाकून लावण्यासारखाही नाही. देवगडचा एखादा बागायतदार हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकण्यासाठी साईट करून घेतो. काम नोव्हेंबरात संपतं. ३० दिवसांची हमी डिसेंबरात संपते. आंबा येतो मार्चपासून. म्हणजे ज्या दिवशी साईटवर पहिली खरी ऑर्डर पडते, ज्या दिवशी एकाच तासात शंभर माणसं एकदम पेटी बुक करायला येतात, त्या दिवशी हमी संपून तीन महिने झालेले असतात. कागदाच्या दृष्टीने करणारा सुटला. पण त्या बागायतदाराला त्या हमीचा काडीचा उपयोग झाला नाही आणि हे करणाऱ्यालाही आतून ठाऊक असतं. अकरावीचे प्रवेश घेणारे क्लास, गणपतीच्या मूर्तींचं बुकिंग घेणारे पेणचे कारखानदार, दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणारे, लग्नसराईवर चालणारी मंगल कार्यालयं, या सगळ्यांची हीच गत आहे. यांच्यासाठी हमी दोन भागांत लिहावी. सोपवल्यापासून ३० दिवस, आणि त्याखेरीज पहिल्या हंगामातले ठरवलेले १५ दिवस, ज्यांच्या तारखा करारातच घालायच्या. त्या १५ दिवसांचं मोल मूळ किमतीत धरावं आणि तसं ग्राहकाला सांगावंही. मला तरी ही हमी लिहिण्याची सगळ्यात प्रामाणिक पद्धत वाटते.

हमी सुरू कधी होते, हे बरेच जण लिहीतच नाहीत. मालक म्हणतो, मी फेसबुकवर जाहीर केलं त्या दिवसापासून. करणारा म्हणतो, मी लिंक पाठवली त्या दिवसापासून. इथे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा मदतीला येतो. ज्याची उद्यम नोंदणी आहे त्याला तो लागू होतो. ही नोंदणी आधार आणि पॅनवर विनामूल्य होते आणि एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. या कायद्याप्रमाणे काम सोपवल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर सोपवल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. हरकत घेतली, तर ती दूर केल्याचा दिवस. लेखी करार असेल तर पैसे देण्याची मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तेव्हा करारात हाच धागा पकडून लिहावं : 'साईट सोपवल्याचा ईमेल ज्या तारखेचा, त्या तारखेपासून १५ दिवसांत हरकती लेखी कळवाव्यात. हरकत न आल्यास साईट त्याच तारखेला स्वीकारली असं धरलं जाईल आणि हमी त्या तारखेपासून मोजली जाईल.' हरकती ईमेलवर मागाव्यात. फोनवर सांगितलेलं दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

सोपवण्याच्या दिवशी आणखी एक काम करून ठेवावं. साईटचा पूर्ण बॅकअप, फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही, तारखेसह बाजूला काढावा. त्याची एक प्रत ग्राहकाला द्यावी. गिट वापरत असाल तर त्या दिवसाच्या स्थितीला नाव देऊन खूण करावी. दोन महिन्यांनी "साईट आपोआप बिघडली" असा फोन येतो, तेव्हा सोपवलेली साईट आणि आजची साईट शेजारी ठेवून फरक दाखवता येतो. बहुधा कुणीतरी स्लायडरचं नवं प्लगइन टाकलेलं असतं किंवा मालकाच्या भाच्याने थीम बदललेली असते. अशा वेळी 'दुसऱ्याने हात लावला, हमी रद्द' असं वाक्य काही जण करारात घालतात. ते मला पटत नाही. साईट मालकाची आहे, तिला हात लावण्याचा त्याला हक्क आहे. योग्य वाक्य असं : 'बिघाड आमच्या कामातला निघाला तर तपासणी आणि दुरुस्ती दोन्ही विनामूल्य. बिघाड नंतर केलेल्या बदलामुळे निघाला तर तपासणीच्या वेळेसह तासाच्या दराने आकार.' त्यामुळे बाकीच्या साईटची हमी शाबूत राहते आणि भाच्याच्या प्रयोगांचा भारही आपल्यावर येत नाही.

दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे भोवतालच्या बदलांची, व्याप्ती किती मोठी आहे हे ग्राहकाला सहसा माहीत नसतं. त्याला ते काही ठोस उदाहरणं देऊन सांगावं. ११ ऑगस्ट २०२० ला वर्डप्रेसची ५.५ ही आवृत्ती आली. तिने जुन्या जेक्वेरीला सांभाळून घेणारी एक सोय मूळ पॅकेजातून काढली आणि जुन्या थीम-प्लगइन असलेल्या असंख्य साईट्सवरचे मेन्यू, स्लायडर, बटणं बंद पडली. ती सोय तात्पुरती परत आणणारं प्लगइन वर्डप्रेसच्याच लोकांना काढावं लागलं. मार्च २०२१ मध्ये तर आपल्या देशातली उलथापालथ झाली. दूरसंचार नियामकाच्या आदेशाप्रमाणे ८ मार्चपासून व्यावसायिक एसएमएसचा प्रत्येक मजकूर नोंदवलेल्या नमुन्याशी ताडून पाहायला सुरुवात झाली. नोंदणी अपुरी असलेल्यांचे ओटीपी अडले. बँकांपासून छोट्या दुकानांपर्यंत सगळीकडे व्यवहार थांबले आणि नियामकाला ती तपासणी सात दिवस स्थगित करावी लागली. ज्या फ्रीलान्सरने ओटीपीने लॉगिन करून दिलं होतं, त्याच्या कोडमध्ये दोष नव्हता. २८ नोव्हेंबर २०२२ ला पीएचपी ७.४ चा आधार संपला. होस्टिंगवाले साईट्स ८ वर नेऊ लागले आणि जुन्या प्लगइननी पानं पांढरी करून दाखवली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्याच्या डोमेनची ओळख पटवणाऱ्या नोंदी सक्तीच्या केल्या. मग संपर्काच्या फॉर्ममधून येणाऱ्या चौकश्या स्पॅममध्ये जाऊ लागल्या किंवा पोचेनाशाच झाल्या. ही शेवटची गोष्ट सगळ्यात घातक, कारण ती दिसत नाही. साईट चालू असते, फॉर्म 'धन्यवाद' म्हणतो आणि मालक महिनाभर समजत राहतो की यंदा चौकश्याच कमी आहेत.

म्हणून करारात एक वाक्य हवंच : 'होस्टिंग, डोमेन, पेमेंट गेटवे, एसएमएस व ईमेल सेवा, नकाशे, तसंच वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन यांच्या कंपन्यांनी केलेल्या बदलांमुळे लागणारं काम हमीत येत नाही. ते देखभालीत येतं.' पण एवढं लिहून हात झटकू नयेत. कोणतं प्लगइन निवडलं, त्याला शेवटचं अपडेट कधी मिळालं होतं, त्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे, हे निर्णय आपले होते. पैसे वाचवण्यासाठी चोरीचं प्लगइन टाकलं आणि त्यातून साईट हॅक झाली, तर तो भोवतालचा बदल ठरत नाही. ती करणाऱ्याचीच चूक. अशी चूक हमीतच धरावी, मुदत संपलेली असली तरी.

देखभालीचा करार, म्हणजे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली एएमसी. वॉटर प्युरिफायर, लिफ्ट, एसी यांच्यामुळे छोट्यात छोट्या व्यावसायिकाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. अडतं ते किमतीपाशी. ओरॅकलसारखी कंपनी परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के रक्कम दरवर्षी सपोर्टसाठी घेते. ते ऐकून काही जण आपल्या साईटलाही वीसेक टक्के लावतात. छोट्या कामात हे गणित फसतं. समजा साईट ३०,००० रुपयांची आहे. २० टक्के म्हणजे वर्षाला ६,००० आणि महिन्याला ५००. आता महिन्याचं काम मोजा : बॅकअप घेणं आणि तो खरंच परत चढतो का हे पाहणं, अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर चढवून मग मूळ साईटवर घेणं, फॉर्म भरून ईमेल पोचतो का पाहणं, एक रुपयाची खरी ऑर्डर टाकणं, डोमेन आणि प्रमाणपत्राच्या तारखा बघणं. नीट केलं तर दोन तास. तुमचा दर तासाला ७०० रुपये असेल तर महिन्याला १,४०० आणि वर्षाला १६,८००. टक्क्यांनी काढलेली किंमत याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मग होतं असं की पहिले दोन महिने काम होतं आणि तिसऱ्या महिन्यापासून बॅकअपसुद्धा कुणी बघत नाही. ग्राहकाकडून घेतलेले ५०० रुपये तेव्हा कशाचेच नसतात. तासांवरून किंमत काढावी, ती स्पष्ट सांगावी. परवडत नाही असं ग्राहक म्हणाला तर काम कमी करावं, उदाहरणार्थ अपडेट दर तिमाहीला. दर मात्र कमी करू नये. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली असेल तर १८ टक्के जीएसटी एएमसीवरही लागतो, तो वेगळा दाखवावा.

वेळेबद्दल वचन देताना फार जपून. किती वेळात उत्तर देऊ आणि किती वेळात दुरुस्त करू, ही दोन वेगळी वचनं आहेत. एकट्या माणसाने पहिलंच द्यावं. साईट पूर्ण बंद किंवा पेमेंट अडलेलं असेल तर कामाच्या दिवशी चार तासांत उत्तर आणि कामाला सुरुवात. एखादं पान किंवा बटण चालत नसेल तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. फोटो, दर, मजकूर बदलायचा असेल तर तीन दिवसांत. कामाचे दिवस आणि तास लिहावेत, सुट्ट्या लिहाव्यात. गणपतीचे दिवस आणि दिवाळी त्यात आधीच धराव्यात, म्हणजे गावी गेल्यावर अपराध्यासारखं वाटत नाही. दुबईचा किंवा अमेरिकेतला ग्राहक असेल तर तास भारतीय वेळेनुसार आहेत हे लिहायला विसरू नये. आणि तक्रार घेण्याची जागा एकच ठेवावी. व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला आलेला "भाऊ, बॅनर बदलायचाय उद्या सकाळी" हा संदेश वाचलेला दिसतो, त्या दोन निळ्या खुणांनाच ग्राहक होकार समजतो. नोंद ईमेलवर, साईट बंद असेल तरच फोन, असं ठरवून घ्यावं आणि पहिल्या महिन्यात आपणही ते कसोशीने पाळावं. पहिल्याच आठवड्यात रात्री बॅनर बदलून दिला की करारातली वेळ संपली.

काही गोष्टींची हमी देऊच नये. साईट कधीच हॅक होणार नाही, साईट कधीच बंद पडणार नाही, गूगलवर पहिल्या पानावर येईल. होस्टिंग कंपनी ९९.९ टक्के चालू राहण्याचं वचन देते, त्याचा अर्थच महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा असा आहे. ज्या सर्व्हरवर आपला ताबा नाही त्याच्याबद्दल त्याच्या मालकापेक्षा मोठं वचन आपण कसं देणार? त्याऐवजी आपल्या हातात असलेलं वचन द्यावं : रोज बॅकअप, आणि हॅक झाल्यास शेवटच्या चांगल्या बॅकअपवरून साईट परत उभी करणं.

नुकसानभरपाईचं कलम बहुतेक जण अपशकुनी समजून टाळतात. ते टाळू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७३ वं कलम सांगतं की करारभंगामुळे साहजिकपणे होणारं नुकसान, किंवा करार करताना दोन्ही बाजूंना जे होऊ शकतं हे माहीत होतं ते नुकसान, भरून द्यावं लागतं. दूरच्या, आडवळणाच्या नुकसानीची भरपाई नाही. यातला 'माहीत होतं' हा भाग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सराफाने पहिल्याच बैठकीत "अक्षय तृतीयेला माझी लाखोंची बुकिंग असतात" असं सांगितलं असेल, तर त्या दिवशी आपल्या चुकीने साईट बंद पडल्यावर 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणता येत नाही. म्हणून एकूण जबाबदारीला मर्यादा घालावी, साधारणपणे त्या कामासाठी प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेइतकी. ३०,००० घेऊन लाखोंच्या विक्रीचा विमा कुणी उतरवू शकत नाही, आणि हे समजावून सांगितलं तर ग्राहक ऐकतो.

हे सगळं स्टॅम्प पेपरवरच हवं असं नाही. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलवरून झालेला प्रस्ताव आणि होकार हा पक्का करार मानला. दोन पानांचं कोटेशन ईमेलने पाठवावं आणि ग्राहकाकडून 'अटी मान्य, काम सुरू करा' असं उत्तर घेऊन मगच ॲडव्हान्सचं बिल द्यावं. शेवटचा हप्ता साईट लोकांसाठी खुली होण्याआधी घ्यावा. 'हमी संपल्यावर उरलेले देतो' असं जो म्हणतो, त्याच्याशी फार तर १० टक्के रक्कम मुदत संपेपर्यंत मागे ठेवण्याचं ठरवावं, आणि ती मिळण्याची तारीख लिहावी.

कागद तयार असला तरी तोंडाने सांगण्याची पाळी येतेच. कोल्हापूरचा गुळाचा व्यापारी, वयाने वडिलांएवढा, म्हणतो : "अरे, एवढं तर करून देशील ना? आपलं घरचंच काम आहे." इथे कायदा काढायचा नसतो. "काका, माझी चूक निघाली तर रात्री उठून करून देईन, एक पैसा घेणार नाही. पण बाहेरच्या कंपन्या रोज काहीतरी बदलतात, ते सांभाळायला महिन्याचे दोन तास जातात. ते मी फुकट लिहून दिलं तर दोन महिन्यांनी माझ्याकडून होणार नाही आणि तुमची साईट वाऱ्यावर पडेल. म्हणून त्याचे पैसे वेगळे लावलेत." आयुष्यभर उधारी आणि वायदे पाहिलेल्या माणसाला यातला खरेपणा कळतो. तरीही एएमसी नको म्हणाला तर राग धरू नये. 'देखभाल घेतलेली नाही, नंतरचं काम तासाच्या दराने' असं त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवावं आणि हमीचे दिवस मन लावून सांभाळावेत.

हमी संपायला आठवडा उरला की आपणहून कळवावं. साधा मजकूर पुरतो : 'आपल्या साईटची हमी अमुक तारखेला संपत आहे. त्याआधी सगळी पानं, फॉर्म आणि पेमेंट एकदा तपासून पाहावं आणि काही आढळल्यास कळवावं.' हा ईमेल पाठवायला बहुतेक जण कचरतात, कारण त्याने दुरुस्त्यांची यादी ओढवून घेतली असं वाटतं. यादी येतेही. पण ती मुदतीच्या आत येते, तिचं काम ताज्या आठवणीने पटकन होतं, आणि एएमसी घ्यायची की नाही हे ग्राहक त्याच आठवड्यात ठरवतो.

आणि एक दिवस ग्राहक दुसऱ्याकडे जाणार आहे, हे पहिल्याच कागदात धरून चालावं. डोमेन आणि होस्टिंग पहिल्यापासून ग्राहकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या कार्डावर असावं. कोडच्या मालकीचंही लिहावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर स्वतंत्रपणे काम करून देणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा हक्क त्याच्याकडेच राहतो. तो सोपवायचा तर लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो. मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरताच गेला असं १९ वं कलम मानतं. ग्राहकाने पूर्ण पैसे दिले की त्याच्यासाठी खास लिहिलेल्या कोडचा हक्क कायमचा आणि जगभरासाठी त्याचा, असं स्पष्ट लिहून सही करावी. आपली नेहमीची साधनं आणि इतरांचे मुक्त परवान्याचे भाग यातून वगळावेत. एएमसी संपते त्या दिवशी शेवटचा बॅकअप, सगळे पासवर्ड, कोणत्या प्लगइनचा परवाना कधी संपतो त्याची यादी, एवढं एका फोल्डरमध्ये घालून द्यावं, आपली लॉगिन काढून घ्यायला सांगावं आणि ती काढली गेल्याची खात्री करून घ्यावी. बाकी राहिलेले पैसे वसूल करण्यासाठी साईट अडवून धरण्याचा मोह होतो. तो आवरावा. उद्यम नोंदणी असेल तर त्या रकमेसाठी २००६ च्या त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. दुसऱ्याच्या धंद्याचं दार बंद करण्याचा हक्क मात्र थकलेल्या बिलाने मिळत नाही.